मुलीला एचपीव्ही लस द्यायची ठरते आहे, पण माझी आणि जाऊबाईंची तपासणी?

चंद्रभागाकाठ यांचा प्रश्न

नमस्कार. मी सोलापूर जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत शिकवते आणि माझे वय ४२ आहे. माझी मुलगी नुकतीच तेरा वर्षांची झाली. तिच्या बालरोगतज्ज्ञांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची एचपीव्ही लस द्यावी असे सुचवले आहे. यजमानांची हरकत नाही. मात्र सासूबाईंचे म्हणणे असे, की ज्या मुलीचे अजून लग्नाचे वयही झालेले नाही, तिला "तसल्या" आजाराची सुई कशासाठी, आणि उद्या मूल राहायला अडचण आली तर जबाबदार कोण? नात्यातील एकांनी पूर्वी ही लस दिल्यानंतर काही मुली दगावल्याची आठवण काढली, तेव्हापासून घरातील चर्चा थांबली आहे आणि निर्णय माझ्यावर सोडला गेला आहे.

याला जोडून दुसरा प्रश्न आहे, आणि खरे सांगायचे तर तोच मला अधिक छळतो. माझ्या जाऊबाईंची गर्भपिशवी त्या ३६ वर्षांच्या असताना काढली. त्यांच्या अंगावरून पांढरे जात असे, कंबर दुखत असे, आणि तालुक्याच्या गावातील एका खाजगी दवाखान्यात "आज काढली नाही तर पुढे कॅन्सर होईल" असे सांगण्यात आले होते. त्याआधी कोणती तपासणी झाली होती का, असे मी त्यांना विचारले, तेव्हा सोनोग्राफीखेरीज काहीच झाले नव्हते असे कळले. मला स्वतःला अधूनमधून तसाच त्रास होतो. मी आजवर एकदाही गर्भाशयमुखाची तपासणी करून घेतलेली नाही. मुलीला किती डोस द्यावेत, मी नेमकी कोणती तपासणी करावी, आणि पिशवी काढणे हा खरोखरच प्रतिबंधाचा उपाय आहे का, याविषयी जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

डॉ. मिरजकर (स्त्रीरोगतज्ज्ञ) यांचे उत्तर

ताई, तुमच्या तिन्ही प्रश्नांचे मूळ एकच आहे, म्हणून आधी आजाराची चाल सांगतो. गर्भाशयमुख म्हणजे गर्भपिशवीचे योनीत उघडणारे तोंड. तेथील कर्करोग जवळजवळ नेहमी ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही, या विषाणूच्या दीर्घकाळ टिकलेल्या संसर्गातून होतो. या विषाणूच्या अनेक जाती असून त्यांपैकी १६ आणि १८ या दोन जातींकडे सुमारे ७० टक्के कर्करोगांचे कारण जाते. हा संबंध दाखवून देणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सूर हाउझेन यांना २००८ मध्ये वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. संसर्ग लैंगिक संबंधातून होतो आणि तो इतका सर्वसामान्य आहे, की विवाहित जीवन जगणाऱ्या बहुतेक स्त्री-पुरुषांना तो कधी ना कधी होऊन जातो; त्यावरून कोणाच्या वर्तनाविषयी काहीही सिद्ध होत नाही. सासूबाईंच्या "तसल्या" या शब्दाला माझे हे उत्तर आहे. बहुतेक संसर्ग वर्षा-दोन वर्षांत शरीर आपोआप निपटून काढते. ज्या थोड्या स्त्रियांमध्ये तो ठाण मांडून बसतो, त्यांच्या गर्भाशयमुखातील पेशी हळूहळू बदलत जातात, आणि त्या बदलांचा कर्करोग होण्यास साधारण पंधरा ते वीस वर्षे लागतात. एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रियांमध्ये हा काळ बराच कमी असतो आणि धोका सुमारे सहा पटींनी जास्त असतो, हे येथे वाचणाऱ्या कोणाच्या उपयोगी पडावे म्हणून नोंदवून ठेवतो.

ही लस संसर्गाच्या आधी दिली तरच पूर्ण उपयोगाची ठरते. झालेला संसर्ग ती बरा करत नाही. त्यामुळे लग्नाचे वय होण्याआधी सुई कशासाठी, या प्रश्नाचे उत्तर त्या प्रश्नातच आहे. शिवाय ९ ते १४ या वयात शरीर लशीला अधिक जोमाने प्रतिसाद देते. लशीत जिवंत विषाणू नसतो, त्याची जनुके नसतात; असते ते केवळ विषाणूच्या बाहेरील आवरणासारखे रचलेले प्रथिन. त्यामुळे लशीतून संसर्ग होणे शक्य नाही, आणि लशीमुळे वंध्यत्व येते असा कोणताही पुरावा गेल्या जवळजवळ वीस वर्षांच्या वापरात सापडलेला नाही. उलट, पेशींमधील बदल वेळेवर न कळल्यामुळे तरुण स्त्रियांवर ज्या शस्त्रक्रिया कराव्या लागतात, त्यांनी मातृत्व खरोखरच हिरावले जाते, हे मी माझ्या कामात पाहिले आहे. दंड दुखणे, थोडा ताप, डोके दुखणे हे होऊ शकते. या वयाच्या मुलींना सुईच्या भीतीने भोवळ येते, म्हणून टोचल्यावर पंधरा मिनिटे बसवून ठेवावे.

डोसांविषयी थोडा गोंधळ आहे, तो समजून घ्या. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही भारतात तयार झालेली लस २०२२ मध्ये मंजूर झाली आणि २०२३ च्या प्रारंभी बाजारात आली. ती ६, ११, १६ आणि १८ या चार जातींवर आहे. तिचे छापील वेळापत्रक ९ ते १४ या वयात सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस आणि त्यापुढे २६ व्या वर्षापर्यंत तीन डोस असे आहे. नऊ जातींवरची आयात लस अधिक व्यापक आहे, पण तिची किंमत या लशीच्या कित्येक पट आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ च्या डिसेंबरमध्ये ९ ते २० या वयोगटासाठी एक डोसही पुरेसा मानता येईल अशी भूमिका घेतली, तिचा एक मोठा आधार भारतातीलच अभ्यास आहे. मात्र त्या अभ्यासातील लस गार्डासिल ही परदेशी लस होती. म्हणून सर्व्हाव्हॅक देणार असाल तर मी तरी दोन डोस पूर्ण करा असेच सांगेन. तुमची मुलगी तेरा वर्षांची आहे; पंधरा वर्षे पूर्ण होण्याआधी पहिला डोस झाला तर तिसऱ्याचा खर्च वाचतो. शासकीय केंद्रात लस उपलब्ध आहे का, हे आशाताईंना आधी विचारून पाहावे.

आता तुमच्याविषयी. ४२ व्या वर्षी लशीचा लाभ फार थोडा असतो. तुम्हाला तपासणी हवी. उपलब्ध असेल तर एचपीव्ही डीएनए चाचणी सर्वांत भरवशाची. ती निर्दोष आली तर पुढची पाच ते दहा वर्षांनी चालते, आणि तिचा नमुना स्त्री स्वतःही घेऊ शकते. ती न जमल्यास पॅप तपासणी (गर्भाशयमुखावरील पेशी घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे), दर तीन वर्षांनी. शासकीय केंद्रांत व्हीआयए नावाची, सौम्य आम्ल लावून गर्भाशयमुख डोळ्यांनी पाहण्याची तपासणी ३० ते ६५ या वयातील स्त्रियांसाठी पाच वर्षांतून एकदा ठरवून दिलेली आहे. अंगावरून पांढरे जाणे हे बहुतेक वेळा साध्या जंतुसंसर्गाचे असते आणि गोळ्यांनी बरे होते. परंतु संबंधानंतर रक्त जाणे, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाणे, पाळी कायमची थांबल्यानंतर पुन्हा डाग दिसणे किंवा घाण वासाचा स्राव, यांपैकी काही असल्यास शिबिराची वाट न पाहता डॉक्टरांकडून आतून तपासून घ्यावे. अशा वेळी चाळणी चाचणीवर, म्हणजे त्रास नसलेल्या स्त्रियांच्या प्राथमिक तपासणीवर, थांबून चालत नाही.

निवृत्त परिचारिका, बार्शी यांचे उत्तर

डॉक्टरसाहेबांनी भारतातील अभ्यासाचा उल्लेख केला. आमच्या भागातील एका मोठ्या अभ्यासाविषयी मला लिहायचे आहे, कारण सोलापूर जिल्ह्यातील ताईंनाच ते ठाऊक नसावे याचे मला थोडे वाईट वाटले. १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचे टाटा स्मारक केंद्र यांनी आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेबरोबर ३० ते ५९ या वयातील १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. गावांचे ५२ समूह पाडून चार गट केले: एका गटाला एचपीव्ही चाचणी, दुसऱ्याला पॅप, तिसऱ्याला व्हीआयए, आणि चौथ्याला नेहमीची आरोग्यसेवा. आयुष्यात केवळ एकदा केलेल्या एचपीव्ही चाचणीने पुढील आठ वर्षांत या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. तुलनेच्या गटात ६४ मृत्यू झाले आणि चाचणीच्या गटात ३४. हा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. पॅप किंवा व्हीआयए निर्दोष आलेल्या स्त्रियांमध्ये पुढे कर्करोग होण्याचे प्रमाण, एचपीव्ही चाचणी निर्दोष आलेल्यांच्या चौपटीहून अधिक होते. चौथ्या गटाला तपासणीविना ठेवणे योग्य होते का, यावर पुढे बरीच टीका झाली. ती टीका मला पूर्णपणे चुकीची वाटत नाही. मात्र आज जगभर एचपीव्ही चाचणीची शिफारस होते, तिच्या मागे आमच्या बायांचा हा वाटा आहे.

मी स्वतः त्या प्रकल्पात नव्हते. माझी सारी नोकरी प्राथमिक आरोग्य केंद्रांत गेली आणि तेथे मी व्हीआयए शेकडो वेळा केली आहे. बायांच्या मनात भीती असते ती नेमके काय करणार याची, म्हणून सांगते. टेबलावर झोपवून योनीत स्पेक्युलम, म्हणजे आतले दिसावे म्हणून योनी उघडी धरणारे उपकरण, घालतात, गर्भाशयमुख स्वच्छ करून त्यावर ३ ते ५ टक्के ॲसेटिक आम्ल लावतात (व्हिनेगरमध्ये असते तेच) आणि साधारण एक मिनिट थांबून चांगल्या उजेडात पाहतात. बदललेल्या पेशींची जागा पांढरी पडलेली दिसते. थोडी चुरचुर होते, दुखत नाही, आणि निकाल तेथेच कळतो. मुंबईच्या झोपडवस्त्यांत टाटा स्मारक केंद्राने दहावीपर्यंत शिकलेल्या, चार आठवडे प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य सेविकांकडून दर दोन वर्षांनी हीच तपासणी करवली, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले होते. तेव्हा "नर्सने काय बघायचे, मोठ्या डॉक्टरकडे जाऊ" असे म्हणून शिबिर चुकवू नये. अर्थात या तपासणीला मर्यादा आहे. पाळी गेल्यानंतर पेशी बदलण्याची जागा आतल्या बाजूला सरकते आणि डोळ्यांना नीट दिसत नाही, म्हणून पन्नाशीच्या पुढे व्हीआयएवर विसंबू नये.

आणखी एक गोष्ट मला जन्मभर खटकत आली. पांढरा डाग दिसलेल्या बाईला आम्ही पुढच्या तपासणीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवायचो आणि ती जायचीच नाही. एका दिवसाची मजुरी बुडते, सोबत यायला कोणी नसते, आणि घरी "कॅन्सर" हा शब्द उच्चारला की रडारड होते. डाग म्हणजे कर्करोग नव्हे. कोल्पोस्कोप या दुर्बिणीतून पाहून, गरज वाटल्यास चिमूटभर तुकडा तपासायला पाठवून, बदललेला भाग गोठवून, उष्णतेने जाळून किंवा तारेच्या कड्याने काढून टाकता येतो, आणि बहुधा त्याच दिवशी घरी जाता येते. तपासायला जाताना पाळीचे दिवस टाळा, आणि पॅप करणार असाल तर आधीचे दोन दिवस संबंध व योनीत ठेवायची औषधे टाळा.

एक पालक, धुळे यांचे उत्तर

मुली दगावल्याची जी आठवण नातलगांनी काढली ती खोटी नाही, पण अर्धी आहे, आणि उरलेली अर्धी सांगणे आवश्यक आहे. २००९ मध्ये पाथ या अमेरिकी संस्थेने भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि दोन राज्य शासनांबरोबर तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातेतील वडोदरा या जिल्ह्यांत १० ते १४ वर्षांच्या हजारो मुलींना ही लस दिली. त्यांपैकी सात मुलींच्या मृत्यूच्या बातम्या आल्यानंतर एप्रिल २०१० मध्ये तो प्रकल्प थांबवण्यात आला. चौकशीत मृत्यूंची कारणे सर्पदंश, पाण्यात बुडणे, विषप्राशन, हिवताप अशी निघाली, आणि त्यांचा लशीशी संबंध आढळला नाही. मात्र त्याच चौकशीत असेही निघाले, की आदिवासी वसतिगृहांतील अनेक मुलींच्या संमतिपत्रांवर पालकांऐवजी अधीक्षकांनी किंवा मुख्याध्यापकांनी सह्या केल्या होत्या. संसदेच्या स्थायी समितीने २०१३ च्या अहवालात या प्रकारावर कठोर ताशेरे ओढले. ज्यांना लस द्यायची त्यांनाच न विचारण्याचा तो दोष होता आणि त्याची किंमत पुढे लशीने चुकवली, असे माझे मत आहे.

त्या बंदीने एक विचित्र उपकारही केला. त्याच काळात बार्शी आणि पुण्यासह देशातील नऊ केंद्रांवर एक स्वतंत्र अभ्यास चालू होता, ज्यात १० ते १८ वर्षांच्या मुलींना दोन किंवा तीन डोस द्यायचे ठरले होते. तोही मध्येच थांबवावा लागल्यामुळे जवळपास पाच हजार मुलींना एकच डोस मिळून राहिला. संशोधकांनी त्या मुलींचा मागोवा सोडला नाही. दहा वर्षांच्या माहितीवरून २०२१ मध्ये असे दिसले, की १६ आणि १८ या जातींच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून एका डोसने सुमारे ९५ टक्के संरक्षण दिले, म्हणजे दोन किंवा तीन डोसांइतकेच. डॉ. मिरजकरांनी उल्लेखलेला अभ्यास तो हाच.

माझ्या दोन्ही मुलींना लस दिली आहे. देण्यापूर्वी थोरलीला समोर बसवून लस कशाची आहे ते सांगितले, तेव्हा तिने विचारले की "आईने कधी तपासून घेतले आहे का?" घेतले नव्हते.

चंद्रभागाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सासूबाईंना मी डॉक्टरांचे उत्तर वाचून दाखवले. त्या होकार देत नाहीत, पण आता नकारही देत नाहीत. त्यांची स्वतःची पाळी जाऊन वीस वर्षे झाली आणि मध्यंतरी एकदा डाग दिसला होता, हे त्यांनी या निमित्ताने पहिल्यांदाच सांगितले. मुलीचा पहिला डोस पुढच्या शनिवारी ठरवला आहे. माझा तिसरा प्रश्न मात्र राहिला. जाऊबाईंची पिशवी काढलेली आहे, तेव्हा त्यांना आता तपासणीची गरज नाही, असे समजावे का? आणि मला त्रास होत असताना मीही तोच मार्ग धरावा का?

डॉ. मिरजकर

आधी सासूबाईंविषयी, कारण ते सर्वांत तातडीचे आहे. पाळी जाऊन इतकी वर्षे झाल्यावर दिसलेला एकही डाग दुर्लक्ष करण्याजोगा नसतो. तो पुन्हा दिसलेला नसला तरी त्यांना याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्या. गर्भाशयमुख डोळ्यांनी पाहून पॅप, आणि सोनोग्राफीत गर्भाशयाच्या अस्तराची जाडी, या दोन्ही गोष्टी व्हायला हव्यात. पुढचे त्यावरून ठरेल. कारण पुष्कळदा साधेच निघते, पण ते तपासल्याशिवाय म्हणता येत नाही.

पिशवी काढणे हा पांढरे जाण्यावरचा उपाय नाही आणि कर्करोगाच्या भीतीवरचाही नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या अशा शस्त्रक्रियांचे प्रकरण २०१९ मध्ये गाजले आणि राज्य शासनाला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली, ते तुम्हाला आठवत असेल. तेथेही अनेक जणींना कर्करोगाचीच भीती घातली गेली होती. गर्भाशयमुखाची एकही चाचणी न करता कर्करोग टाळण्यासाठी गर्भपिशवी काढा असे कोणी सुचवले, तर उठून दुसऱ्या डॉक्टरांकडे जावे. तरुण वयात पिशवी, आणि तिच्याबरोबर अंडाशयही, काढले गेले तर हाडे ठिसूळ होणे आणि हृदयविकाराचा धोका वाढणे हे पुढे भोगावे लागते. खरोखरच गर्भाशयमुखात कर्करोग असेल, तर अशी साधी शस्त्रक्रिया अपुरी पडून पुढचे उपचार अवघड होऊन बसतात, हे तर फारच थोड्यांना ठाऊक असते.

जाऊबाईंचे उत्तर कागदावर अवलंबून आहे. काही शस्त्रक्रियांत पिशवीचा वरचा भाग काढून तोंड तसेच ठेवतात. तसे असेल तर त्यांची तपासणी तुमच्यासारखीच चालू राहिली पाहिजे. तोंडासह सर्व काढले असेल, आणि काढलेल्या पिशवीच्या तपासणीत पेशींचे बदल आढळले नसतील, तर या कर्करोगासाठी त्यांना पुढे चाळणीची गरज नाही. बदल आढळले असतील तर मात्र योनीच्या वरच्या टोकाची तपासणी बरीच वर्षे करत राहावी लागते. त्यामुळे दवाखान्यातून सोडताना दिलेले कार्ड आणि काढलेल्या पिशवीचा पॅथॉलॉजीचा अहवाल शोधा. हे कागद मागण्याचा रुग्णाला हक्क आहे. पिशवी तपासायला पाठवलीच नव्हती असे कळले, किंवा कागद सापडलेच नाहीत, तर काळजी करत बसू नका. त्यांना तुमच्याबरोबर त्याच दिवशी घेऊन जा. स्पेक्युलम घालून पाहिले की गर्भाशयमुख आहे की नाही ते दोन मिनिटांत कळते, आणि असल्यास नमुना तेव्हाच घेता येतो.